पहिल्या वर्षाच्या पॉइंट गार्डच्या हाती संघ द्यावा का? (पर्ड्यू, ब्रेडन स्मिथ आणि इतर)

उजवा_कोपरा (धागाकर्ता)

मी २०२२ च्या ऑगस्टमध्ये मास्टर्ससाठी पर्ड्यूला आलो. वेस्ट लाफायेट, इंडियाना. नागपुरात शाळेच्या संघातून खेळायचो, त्यामुळे बास्केटबॉल कळतो असं वाटायचं. मॅकी अरीनात पहिल्यांदा विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं की आपण हा खेळ फक्त लांबून पाहिला होता. १४ हजारांवर माणसं, आमचा स्टँड दोन तास उभाच, आणि मैदानावर दोन अठरा-एकोणीस वर्षांची पोरं चेंडू घेऊन येताहेत.

त्या वर्षी संघ नव्याने बांधायचा होता. जेडन आयव्ही एनबीएत पाचव्या क्रमांकावर निवडला गेला होता, बाकीचे अनुभवी गार्डही गेले होते. उरला होता झॅक ईडी, सात फूट चार इंच. त्याला चेंडू पोचवणार कोण, हा खरा प्रश्न. कोच मॅट पेंटरने उत्तर दिलं ते हायस्कूलमधून नुकत्याच आलेल्या ब्रेडन स्मिथचं. वेस्टफील्डचा मुलगा, इथून तासाभराच्या अंतरावरचा. इंडियानाचा 'मिस्टर बास्केटबॉल' (राज्यातला सर्वोत्तम हायस्कूल खेळाडू) झालेला, तरी मोठमोठ्या कॉलेजांनी त्याच्यासाठी रांग लावली नव्हती. उंची जेमतेम सहा फूट. सोबत फोर्ट वेनचा फ्लेचर लॉयर, तोही फ्रेशमनच, म्हणजे पहिल्या वर्षाचा. दोघंही पहिल्या सामन्यापासून सुरुवातीच्या पाचांत.

हंगामाआधीच्या क्रमवारीत आमचं नाव पहिल्या २५ मध्ये नव्हतं. नोव्हेंबरात पोर्टलंडमध्ये गोन्झागाला ८४-६६ आणि ड्यूकला ७५-५६ हरवलं, आणि पुढे २२ विजय-१ पराभव अशी सुरुवात होऊन संघ देशात पहिला झाला. मग फेब्रुवारीत सहातले चार सामने हरलो. स्टँडमधून स्पष्ट दिसायचं, पोरांचे पाय जड झालेत. हायस्कूलचा हंगाम पंचवीस-तीस सामन्यांचा, इथे पस्तीस, आणि समोर दर वेळी बावीस-तेवीस वर्षांचा दणकट गडी छातीला छाती लावून उभा.

बिग टेनच्या (आमच्या विभागातल्या कॉलेजांच्या गटाच्या) अंतिम सामन्यात पेन स्टेटविरुद्ध १७ गुणांची आघाडी होती. त्यांनी शेवटी पूर्ण मैदानभर प्रेस लावला, म्हणजे चेंडू आणणाऱ्याला त्याच्याच अर्ध्यात घेरलं, आणि चेंडू हाफकोर्टच्या पुढे नेणंच मुश्कील झालं. ६७-६५ ने कसेबसे जिंकलो. सगळे नाचत होते, मला मात्र ती शेवटची सहा मिनिटं खुपत राहिली. पाच दिवसांनी, १७ मार्च २०२३ ला, राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत, कोलंबसमध्ये सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने तेच केलं. डिव्हिजन वनमधला (कॉलेजांच्या सगळ्यात वरच्या गटातला) उंचीने सगळ्यात ठेंगणा संघ. ईडीच्या पुढे एक, मागे एक, आणि आमच्या गार्डांच्या अंगावर सतत कुणीतरी. ६३-५८. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाने पहिल्याला हरवण्याची ही फक्त दुसरी वेळ. आम्ही २६ थ्री (लांबून तीन गुणांचे शॉट) मारले, ५ पडले. ईडीचे २१ गुण आणि १५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) मातीत गेले.

त्या रात्री आमच्या अपार्टमेंटमध्ये टीव्ही बंद केल्यावर कुणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच सूर: पहिल्या वर्षाच्या पोरांच्या जिवावर मार्चमधली ही स्पर्धा जिंकता येत नाही, पेंटरने मोठा गार्ड आणायला हवा होता.

मला आजही ते पटत नाही. पेंटरने त्या वर्षी स्मिथला चुका करू दिल्या. त्या चुकांचं जे काय मोल होतं, ते पुढच्या दोन वर्षांत वसूल झालं. पहिल्या वर्षी सरासरी ९.७ गुण आणि ४.४ असिस्ट (ज्या पासवर सोबत्याचा बास्केट पडतो तो), दुसऱ्या वर्षी १२ गुण आणि ७.५ असिस्ट. २०२४ ला डेट्रॉइटमध्ये गोन्झागाविरुद्ध एका सामन्यात १५ असिस्ट. टेनेसीला हरवून पर्ड्यू १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोरमध्ये, म्हणजे देशातल्या शेवटच्या चार संघांत. अंतिम सामना यूकॉनकडून (कनेटिकट विद्यापीठ) ७५-६० ने गेला, पण तिथपर्यंत नेणारे गार्ड तेच दोघं होते.

तर प्रश्न असा: पहिल्या वर्षाच्या पॉइंट गार्डकडे संघाने त्या वर्षापुरतं पाहावं की पुढच्या तीन वर्षांसाठी? आणि आजच्या काळात तसं पाहणं कोचला परवडतं का?

---

मोगरा

लेख आवडला. पण मला खेळातलं फार कळत नाही. पॉइंट गार्ड नेमकं काय करतो? चेंडू पुढे नेऊन दुसऱ्याला देणं हे तर कुणीही करेल ना?

---

उजवा_कोपरा

मोगरा, चांगलं विचारलंत. एकच उदाहरण देतो, ईडीला चेंडू देण्याचं.

ईडी बास्केटजवळ पाठ करून उभा राहतो आणि आपल्या अंगाने बचाव करणाऱ्याला मागे दाबून धरतो. ते दाबणं टिकतं जेमतेम सेकंदभर. त्या सेकंदात चेंडू यायला हवा, आणि तोही त्याच्या ज्या हाताच्या बाजूला बचाव करणारा नाही त्या हाताकडे, उंच. अर्धा सेकंद उशीर झाला की बचाव करणारा पुढे सरकतो. लवकर दिला तर ईडीचे पाय जागेवर नसतात. बचाव करणारा आधीच पुढे उभा असेल तर तिकडून चेंडू देताच येत नाही. मग दोन पावलं ड्रिबल करत कोन बदलायचा, किंवा चेंडू दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे देऊन तिकडून आत टाकायचा. हे सगळं चालू असताना एक जण तुमच्या हातातला चेंडू ओढायला टपलेला, ३० सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्यात शॉट मारायलाच हवा) पळतंय, आणि उरलेले तिघं कुठे उभे आहेत तेही ध्यानात ठेवायचं. कारण ईडीवर दोघं धावले की त्यातला एक मोकळा होणार.

कोच बाहेरून ओरडतो खरा. पण निर्णय त्या पोराचाच.

---

पाचवी_फाऊल

लिहिलंय जिव्हाळ्याने, पण मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे.

तुम्ही ज्याला 'भविष्य' म्हणता ते बहुतेक संघांच्या नशिबी नसतंच. २००६ च्या ड्राफ्टपासून (एनबीए संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीपासून) नियम झाला की हायस्कूलमधून थेट एनबीएत जाता येणार नाही. तेव्हापासून सगळ्यात चांगला फ्रेशमन पॉइंट गार्ड म्हणजे एका वर्षाचा पाहुणा. २००८ चा मेम्फिस घ्या. डेरिक रोझ पहिल्या वर्षाचा, संघ अंतिम सामन्यात कॅन्ससविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत नऊ गुणांनी पुढे. १०.८ सेकंद असताना रोझचा एक फ्री थ्रो हुकला, २.१ सेकंद असताना मारिओ चामर्सने थ्री मारून बरोबरी केली, आणि जादा वेळेत ७५-६८ ने गेलं. रोझ त्या चुकीतून जे शिकला असेल ते शिकागो बुल्सच्या कामी आलं. मेम्फिसच्या नाही.

पण म्हणून तो प्रयोग फसला असंही नाही. मेम्फिसचा कोच जॉन कॅलिपारीने पुढच्या वर्षी टायरीक इव्हान्स या दुसऱ्या फ्रेशमनला पॉइंटवर आणलं आणि ३३ सामने जिंकले. मग केंटकीला जाऊन जॉन वॉल, ब्रँडन नाइट, मार्क्विस टीग. दर वर्षी नवा. २०१२ ला टीगला घेऊन विजेतेपद. म्हणजे खेळाडू टिकला नाही तरी ती जागा टिकली: कोचची पद्धत, सराव, आणि 'इथे आलास तर पहिल्या दिवसापासून चेंडू तुझ्या हातात' हा शब्द. संघाचं भविष्य त्या शब्दावर उभं होतं.

---

उजवा_कोपरा

पाचवी_फाऊल, इव्हान्सचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता, मान्य. पण केंटकीत टीगच्या शेजारी अँथनी डेव्हिस होता. चारही बाजूंना एनबीएचे खेळाडू असले की पॉइंट गार्डची चूक झाकली जाते. पर्ड्यूसारख्या संघाला दर वर्षी असा माल मिळत नाही. त्याला एकदा लावलेलं झाड तीन-चार वर्षं जपावंच लागतं.

उलट बाजूने ट्रे यंग आठवा. २०१७-१८, ओक्लाहोमा. सरासरी २७.४ गुण आणि ८.७ असिस्ट, दोन्हींत देशात पहिला. एका सामन्यात २२ असिस्ट. सगळा संघ त्याच्या मनगटावर लटकलेला. जानेवारीनंतर प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्यावर दोन-दोन माणसं सोडली आणि पहिल्याच फेरीत ऱ्होड आयलंडकडून हरले. तो एनबीएत गेला, आणि मागे राहिलेल्या संघाला त्याच्याशिवाय खेळायची सवयच उरली नव्हती.

---

नागपाड्याचा_जुना

मुंबईतला माणूस, वय ६१. नागपाड्याच्या कोर्टावर वाढलो, तिथे रात्री दिव्याखाली सामने चालायचे आणि भिंतीवर बसून पाहणारी माणसं प्रत्येक पासवर मत द्यायची.

माझी गोष्ट सांगतो, कारण विषय तोच आहे. कॉलेजात पहिल्याच वर्षी मला पॉइंटवर उभं केलं. आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामना, एका गुणाने पुढे. मी मधोमध आडवा पास दिला, समोरच्याने तो मधेच पकडला आणि एकटा जाऊन टाकला. कोचने मला बाहेर काढलं. त्या सामन्यात काढलं त्याचं दुःख नाही. पुढची दोन वर्षं त्यांनी मला पॉइंटवर घेतलंच नाही. चेंडू हातात आला की माझी नजर आधी बेंचकडे जायची. ती सवय कधी गेली नाही.

म्हणून पेंटरबद्दल वाचलं तेव्हा मला त्या विजयांपेक्षा हे मोठं वाटलं की फेअरली डिकिन्सननंतर पुढच्या नोव्हेंबरात चेंडू पुन्हा त्याच मुलाच्या हातात होता.

आणि एक नाव इथे यायलाच हवं. ड्यूक, २०१५. टायस जोन्स पहिल्या वर्षाचा, विस्कॉन्सिनविरुद्ध अंतिम सामन्यात २३ गुण, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. पण त्याला जागा कुणी करून दिली? क्विन कुकने. शेवटच्या वर्षाचा, कर्णधार, आधी स्वतः पॉइंट खेळलेला. तो बाजूला सरकला आणि शूटर म्हणून खेळला. पहिल्या वर्षाचा मुलगा यशस्वी होतो तेव्हा कुणीतरी थोरल्याने मनापासून बाजूला होण्याचं काम केलेलं असतं. त्या थोरल्याचं नाव दोन वर्षांत कुणाला आठवत नाही.

---

वेस्टफील्डची_आई

नमस्कार. मी इथेच राहते, जिथून स्मिथ आला त्या गावात. माझी मुलगी यंदा हायस्कूलच्या पहिल्या वर्षात आहे आणि पॉइंट गार्ड खेळते, त्यामुळे हा धागा दोनदा वाचला.

काका, तुमचा अनुभव वाचून गलबलून आलं. माझी लेकसुद्धा चेंडू गेला की बेंचकडेच पाहते.

इथे अजून कुणी मुलींच्या खेळाचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहिते. धागाकर्त्याचा प्रश्न मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये जास्त नीट तपासता येतो, कारण तिथे एका वर्षात कुणी निघून जात नाही. डब्ल्यूएनबीएच्या (महिलांच्या व्यावसायिक लीगच्या) नियमामुळे अमेरिकन मुली साधारण कॉलेजची चार वर्षं खेळतातच. केटलिन क्लार्क २०२० मध्ये आयोवाला गेली आणि पहिल्या वर्षापासून चेंडू तिच्याकडे. सरासरी २६.६ गुण. पण तिचा संघ अंतिम सामन्यात पोचला तो तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी. तोवर सोबतच्या मुलींना तिचे लांबचे पास कुठून आणि कधी येतात ते अंगवळणी पडलं होतं.

आणि यूकॉनची पेज बेकर्स. पहिल्याच वर्षी एपी या वृत्तसंस्थेची वर्षातली सर्वोत्तम खेळाडू, हा मान मिळवणारी पहिली फ्रेशमन. पुढच्या वर्षी गुडघा मोडला. त्यानंतर लिगामेंट फाटलं आणि एक अख्खा हंगाम बुडाला. विजेतेपद आलं ते २०२५ च्या एप्रिलमध्ये, साउथ कॅरोलिनावर ८२-५९. पाच वर्षं लागली. २०२१ मध्ये कुणी तिच्यात संघाचं 'भविष्य' पाहिलं असेल तर ते खरंच ठरलं, फक्त मधली तीन वर्षं कुणाच्या हिशेबात नव्हती.

---

शॉट_क्लॉक

वेस्टफील्डची_आई, +१. क्लार्कबद्दल अगदी हेच लिहायला आलो होतो.

---

हिशेबनीस

सगळ्यांचे प्रतिसाद भावले, पण आजचा बाजार कुणीच पाहत नाहीये.

२०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं. २०२१ मध्ये दोन मोठे बदल झाले: कॉलेज बदललं तरी वर्षभर बसून राहायची अट पहिल्या बदलीसाठी गेली, आणि खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. २०२५ च्या जुलैपासून तर कॉलेजं स्वतः खेळाडूंना वाटा देतात, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी साधारण २०.५ दशलक्ष डॉलरपर्यंत. अशा वेळी कोच अठरा वर्षांच्या मुलाच्या चुका कशाला सोसेल? तो सरळ तेवीस वर्षांचा तयार गार्ड आणेल.

उदाहरण तुमच्याच अंतिम सामन्यातलं. २०२४ ला पर्ड्यूला हरवणाऱ्या यूकॉनचा ट्रिस्टन न्यूटन पाचव्या वर्षाचा होता, ईस्ट कॅरोलिनामधून आलेला. त्या रात्री २० गुण, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच. पुढच्या वर्षी फ्लोरिडा जिंकलं ते वॉल्टर क्लेटनच्या जोरावर. तो आयोनामधून आलेला. त्याच्या बाजूचे दोन गार्ड बेलमाँट आणि फ्लोरिडा अटलांटिकमधून. म्हणजे चुका दुसऱ्याच्या अंगणात करून झाल्या, फळ इथे खाल्लं.

आणि उलटंही आहे. तुम्ही वर्षभर जपलेला फ्रेशमन एप्रिलमध्ये जास्त पैसे देणाऱ्याकडे जाऊ शकतो. झाड तुमचं, आंबे शेजाऱ्याचे.

---

उजवा_कोपरा

हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस विचार केला. आकडे खोडता येणार नाहीत. न्यूटनने त्या रात्री आमचं काय केलं ते मी विसरलेलो नाही.

तरी दोन गोष्टी सांगतो.

पहिली, पेंटरही पोर्टलमध्ये गेलाच. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याने सदर्न इलिनॉयमधून लान्स जोन्सला आणलं, पाचव्या वर्षाचा. पण आणलं ते स्मिथच्या जागी नाही, स्मिथच्या शेजारी. प्रेस लागला की चेंडू पुढे न्यायला दुसरा भरवशाचा हात, आणि समोरच्या सगळ्यात चांगल्या गार्डला अडवायचं कष्टाचं काम त्याच्याकडे. स्मिथचे पाय मार्चपर्यंत ताजे राहिले. पहिल्या वर्षी पाठीवर जे ओझं होतं त्यातलं अर्धं उतरवलं. काका, तुम्ही क्विन कुकबद्दल लिहिलंत तेव्हा मला लगेच जोन्स आठवला.

दुसरी गोष्ट जेलन ब्रन्सनची. व्हिलानोव्हाने २०१६ ला नॉर्थ कॅरोलिनावर शेवटच्या क्षणी ७७-७४ ने विजय मिळवला तेव्हा तो फ्रेशमन होता. शेवटचा पास त्याचा नव्हता, रायन आर्किडियाकोनोचा होता, चौथ्या वर्षाच्या गार्डचा. ब्रन्सनने वर्षभर त्याच्या शेजारी राहून पाहिलं. २०१८ ला पुन्हा विजेतेपद, तेव्हा संघ ब्रन्सनचा होता आणि देशातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. हे तिथल्या तिथे घडलं, अंगण न बदलता.

आणि स्मिथ गेला नाही. फेअरली डिकिन्सननंतर नाही, ईडी एनबीएत गेल्यावरही नाही. २०२४-२५ मध्ये सरासरी १५.८ गुण, ८.७ असिस्ट, बिग टेनचा सर्वोत्तम खेळाडू आणि देशातल्या सर्वोत्तम पॉइंट गार्डचा बॉब कूझी पुरस्कार. मार्चमध्ये ह्यूस्टनकडून ६२-६० ने हरलो, एक सेकंदही उरला नव्हता तेव्हा पडलेल्या बास्केटवर. त्या सामन्यात त्याचे १५ असिस्ट होते. मी इंडियानापोलिसच्या त्या स्टेडियममध्ये होतो. २०२५-२६ मध्ये तो चौथ्या वर्षात होता, लॉयरही, आणि त्या हंगामाआधीच्या एपी क्रमवारीत पर्ड्यू पहिलं होतं. पर्ड्यूच्या इतिहासात असं पहिल्यांदाच. पैसे जास्त देणारे कुणी आलेच नसतील असं मला वाटत नाही.

---

पाचवी_फाऊल

एवढं मात्र मानतो की टिकून राहणारा मुलगा निवडणं हेही कोचचं कसब आहे. पेंटर राज्यातलीच मुलं जास्त घेतो, घर तासाभरावर असतं, आईवडील प्रत्येक सामन्याला येतात. केंटकीला देशभरातून तारे यायचे. दोघांचं 'भविष्य' वेगळं, कारण दोघांची माणसं निवडायची जागाच वेगळी.

अजून एक आठवलं. १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायची परवानगीच नव्हती, त्यांचा वेगळा संघ असायचा. म्हणजे हा धागा त्या काळी निघालाच नसता. चुका करायला एक वर्ष सगळ्यांनाच मिळायचं, आणि त्या पाहायला १४ हजार माणसं नसायची.

---

नागपाड्याचा_जुना

वेस्टफील्डच्या ताई, लेक बेंचकडे पाहते म्हणालात. तिच्या कोचशी बोला. शक्य असेल तर एक गोष्ट करायला सांगा: चेंडू गेला की पुढचा चेंडू मुद्दाम तिच्याच हातात द्यायचा. तेव्हाच, त्याच सामन्यात. मी इथे बारा-तेरा वर्षांच्या पोरांना शिकवतो तेव्हा हेच करतो. आणि पोरांना सांगून ठेवलंय की चेंडू गेल्यावर मागे धावताना माझ्याकडे बघायचं नाही, ज्याला अडवायचंय त्याच्याकडे बघायचं.

---

वेस्टफील्डची_आई

काका, बोलले. कोच हसल्या आणि म्हणाल्या की करून पाहू.

काल सराव सामना होता. दुसऱ्या हाफमध्ये तिने कोपऱ्यातल्या मुलीला डाव्या हाताने पास द्यायला बघितला, तो थेट बाहेर गेला. मी श्वास रोखून बसले होते. ती मागे धावली, बेंचकडे अर्धी मान वळली आणि मग सरळ झाली. पुढच्या वेळी चेंडू पुन्हा तिच्याकडेच आला. तिने परत तोच पास दिला, त्याच कोपऱ्यात, त्याच हाताने. या वेळी पोचला. त्या मुलीचा शॉट पडला नाही, पण घरी येताना गाडीत लेक फक्त त्या पासबद्दल बोलत होती.